अस्वल कटिंगला आलं

आमच्या दादाला माणसं मागून ओळखू येतात. रस्त्यात कुणी समोरून हसलं तर हा गोंधळतो, तोच माणूस पाठ फिरवून चालायला लागला की म्हणतो, "अरे, हा तर दोन भोवऱ्यांचा!" जन्म गेला त्याचा लोकांच्या डोक्यामागे उभं राहण्यात. सलून आम्हा भावाबहिणीचं आहे. पुढे त्याच्या दोन खुर्च्या, पडद्यामागे बायकांसाठी माझी एक.

दादाची मुलगी दुसरीत आहे. तिला नाव आहे, पण ते फक्त शाळेत वापरतात. आमच्यासाठी ती भोंगा. वहिनी नर्स, तिची ड्युटी सतत बदलती, त्यामुळे शाळा सुटली की भोंगा दुकानात. बाकावर बसून ती गिऱ्हाइकांना विनोद सांगायची. सगळे स्वतः रचलेले, निम्म्यांना शेवटच नसायचा. पण सांगायची असल्या ठसक्यात, की माणसं हसायचीच. कुणी नाही हसलं तर कमरेवर हात ठेवून म्हणायची, "काका, संपला. हसा ना आता!"

आता टॅबचं सांगते. लहान मुलं कटिंगला आली की गळा काढतात. खुर्चीच्या दोन्ही हातांवर आडवी फळी टाकायची, वर मूल बसवायचं आणि मग त्याने मान हलवू नये म्हणून नाना सोंगं करायची. आमचे आबा दुकान चालवायचे तेव्हा ते गोष्ट सांगायचे आणि ऐन मोक्याच्या जागी थांबायचे. पोरगं श्वास रोखून बसायचं, तेवढ्यात आबांची कात्री कानामागून फिरून यायची. दादाला गोष्ट सांगता येत नाही. "एक राजा होता," म्हणतो आणि राजाचं पुढे काय करायचं ते त्याला सुचत नाही. म्हणून त्याने एक जुना टॅब आणून आरशाखाली उभा केला. कार्टून लावलं की मूल खाली बघतं, मान आपोआप वाकते. "काय मान मिळते म्हणून सांगू!" दादा खूश. रडारड बंद झाली म्हणून मीही खूश. एक कार्टून संपल्यावर पुढे आपोआप काय लागतं हे त्याने कधी पाहिलं नाही. त्याची नजर मानेवर आणि कानात मशीनची घरघर. खुर्ची रिकामी असली की भोंगा फळीवर चढायची आणि पुढचं बघत बसायची.

एका रविवारी दुकानात गर्दी होती. दादा समोरच्या दुकानात ब्लेडं आणायला गेला होता. मी पडद्यामागे एका बाईंचे केस वाळवत होते. ड्रायर बंद केला आणि बाहेरचं हसू ऐकलं. पुरुषांचं एक हसू असतं, ते कुठल्याही बाईला भिंतीपलीकडूनही कळतं. तसलं ते होतं. पडदा सारून बघते तर नेहमी दाढीला येणारा वायरमन डोळे पुसत म्हणतोय, "परत सांग, परत सांग!" आणि आमची भोंगा मधोमध उभी राहून, हातवारे करून, परत सांगतेय.

तो विनोद मी इथे लिहिणार नाही. एक अस्वल, त्याची बायको, नळ दुरुस्त करायला आलेला माणूस आणि अस्वल लवकर घरी येतं, एवढं पुरे. भोंगाला त्यातलं काही म्हणजे काही कळलं नव्हतं. अस्वल कुठे थांबतं, कुठे डोळे फिरवतं, एवढंच तिने उचललं होतं. आणि आयुष्यात पहिल्यांदा "हसा ना" म्हणावं लागलं नव्हतं, म्हणून तोंड नुसतं फुललं होतं.

दादा दारात आला तेव्हा ती शेवटाला पोचली होती.

"गप्प! घाणेरडी कुठली!"

दादाचा एवढा चढलेला आवाज मी कधी ऐकला नव्हता. हसणारे सगळे एकदम पेपर वाचायला लागले. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती ही.

त्या दिवसापासून भोंगा बंद पडली. विचारलं तर हो-नाही, बस. बाकावर भिंतीकडे तोंड करून गृहपाठ करायची. दादा म्हणाला, "बरंय, लागेल वळण." मग वहिनी मला म्हणाली, "अहो ताई, टूथपेस्ट कुठे जाते कळत नाही. परवा आणलेली संपली." तिनेच पाळत ठेवली. पोरगी शाळेतून आली की दात घासायची, जेवली की घासायची, झोपताना पुन्हा. हिरड्या सोलवटल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी मी तिची वेणी घालत होते. आरशात माझ्याकडे न बघता तिने विचारलं, "आत्या, तोंड आतून घाणेरडं असलं तर बाहेरून दिसतं का?"

मी म्हणाले, "बाळा, तुझं तोंड स्वच्छ आहे." तिने मान हलवली, पण विश्वास काही ठेवला नाही. कसा ठेवणार? तिच्या बापाने सांगितलं होतं, तेही सगळ्यांसमोर. मला भीती वाटली, खरंच सांगते. माझ्या खुर्चीत अशा बायका येतात, हसू आलं की आधी हात तोंडावर जातो. लहानपणी कुणीतरी काहीतरी बोललेलं असतं, आणि तो हात जन्मभर खाली येत नाही. आमच्या पोरीचा हात तोंडावर जायच्या आत काहीतरी करायला हवं होतं. ते अस्वल कुठून आलं ते मी तिच्याकडून काढून घेतलं.

सोमवारी दुकान बंद असतं. साफसफाईच्या निमित्ताने मी दादाला बोलावलं.

"बस," मी म्हणाले.

"कुठे?"

"पोरांच्या खुर्चीत."

"अगं, मी काय..."

"बस म्हणते ना!"

माझ्या नाकावरचा राग त्याला ठाऊक आहे. बसला. मी त्याच्या गळ्याभोवती कापड गुंडाळलं, मागे घट्ट गाठ मारली, दोन्ही हात आत. समोर टॅब लावला. मोजणी शिकवणारं बदक, तो नेहमी लावतो तेच. मग त्याच्यामागे, त्याच्याच जागी, मशीन चालू करून उभी राहिले.

"दादा, तुला टक्कल पडतंय."

"गप्प बस गं."

बदकाचं दहापर्यंत मोजून झालं. पुढे एक ससा आला, मग आगगाडी. मग अस्वल आलं.

"कार्टूनच तर आहे," दादा म्हणाला.

मागून मला त्याचे कान दिसत होते. आधी कडा लाल झाल्या, मग पाळ्या, मग मानही. बंद करायला त्याने हात उचलला तर कापडाचा नुसता तंबू झाला. मी बंद केलं नाही. नळवाल्याचं सगळं होऊ दिलं.

"हे मी लावत होतो?"

"तू बदक लावत होतास. पुढचं आपोआप. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, तसं आपलं दुकान चाललं होतं."

"मला वाटलं, चित्रातलं आहे म्हणजे पोरांचंच असणार." तो आरशात स्वतःकडे बघत राहिला. "आणि तिला मी घाणेरडी म्हणालो."

मी गाठ सोडली. डोळे पुसायला हात हवे होते त्याला.

मी दादाबरोबर त्याच्या घरी गेले. शाळा सुटल्यावर भोंगा आली, दप्तर ठेवलं आणि मोरीकडे निघाली. दादा मध्ये आला. समोरासमोर बोलायची वेळ आली की ह्याची जीभ टाळ्याला चिकटते. तो तिच्या पलंगाशी जमिनीवर बसला, तिच्याकडे पाठ करून, आणि कंगवा मागे धरला.

"माझे विंचरतेस का जरा?"

ती पलंगावर बसली. पहिल्यांदाच ती मागे होती आणि तो पुढे मान वाकवून.

"आपल्या दुकानात वस्तरा कुठे असतो?" दादाने विचारलं.

"वरच्या खणात," बारीक आवाज आला.

"का?"

"लहान मुलांच्या हाताला लागू नये म्हणून."

"समजा मी तो खाली ठेवला. तुझ्या फळीवर. तू उचललास आणि लागला. चूक कुणाची?"

कंगवा दोनदा वरून खाली फिरला. मग, "तुमची."

"तो अस्वलाचा विनोद तसाच होता. मोठ्यांचा. त्यातही वाईट, त्यात बायकोची टिंगल आहे. मी न बघता तो तुझ्यासमोर ठेवला. तू घाणेरडी नाहीस. त्या दिवशी घाणेरडं बोललो ते मी."

कंगवा थांबला. "पण मग काका लोक हसले का? परत सांग म्हणाले."

मी दारात उभी राहून ऐकत होते. दादा म्हणाला, "मोठी माणसं कधीकधी मूर्ख असतात, बेटा. त्यांनी तुला थांबवायला हवं होतं."

"आत्या मूर्ख नाहीये."

"ती रागीट आहे. रागीट बरी असतात."

त्या रात्री पेस्ट झोपताना एकदाच वापरली गेली, असं वहिनीने सकाळी मला फोन करून सांगितलं. पण दुकानात भोंगा अजून भिंतीकडेच तोंड करून बसायची.

वायरमन दाढीला आला. दादाने फेस लावला, वस्तरा उघडला, अर्धी दाढी केली, मग तो गळ्याशी टेकवला आणि गोड आवाजात विचारलं, "त्या दिवशी परत सांग म्हणालात ना माझ्या लेकीला?"

वायरमनची पाचावर धारण बसली. मान हलवायची सोय नव्हती. "च... चुकलंच," तो ओठ न हलवता म्हणाला.

"मला नका सांगू." दादाने वस्तरा बाजूला घेतला.

अर्धी दाढी झालेला तो माणूस बाकाकडे वळला. "बाळा, माझं चुकलं. तुझं नाही." त्यालाही घरी एक मुलगी आहे. फेसाखाली तो खरंच ओशाळला होता. भोंगाने मान डोलावली आणि वहीत तोंड घातलं.

तेवढ्यात एक बाई चार वर्षांच्या कार्ट्याला ओढत घेऊन आली. कार्टं आधीच रडून लाल. फळीवर बसवलं तर म्हणे, "टॅब!" टॅब आता वरच्या खणात होता, वस्तऱ्याशेजारी. दादाने हवेत कात्री वाजवून पाहिली, तोंडं करून पाहिली. "एक राजा होता," म्हणाला आणि अडकला. पोराने भोकाड पसरलं.

बाकावरून आवाज आला. "एक अस्वल कटिंगला आलं."

मी पडदा सारून बाहेर आले. दादाची कात्री जागीच थांबली. त्याने तिला गप्प केलं नाही, फक्त बघत राहिला. पोराचं रडणं अर्ध्यावर लटकलं.

भोंगा खुर्चीजवळ आली. "कटिंगवाला म्हणाला, किती कापू? अस्वल म्हणालं, फार गरम होतंय, सगळेच काप. मग त्याने कापले. कापले. कापले. केसांचा डोंगर झाला. संध्याकाळ झाली. कटिंगवाला दमला, त्याने कापड सोडलं, खुर्चीत बघतो तर..."

आणि ती थांबली.

आबा थांबायचे तशी. तिला हे कुणी शिकवलं नव्हतं. आबा गेले तेव्हा ती जन्मलीही नव्हती. पोरगं श्वास रोखून बसलं. दादाची कात्री ह्या कानामागून निघाली ती त्या कानापर्यंत पोचली. मग त्याने कात्री उचलली आणि लेकीला मान हलवून खूण केली.

"...खुर्चीत एवढासा उंदीर! आणि उंदीर म्हणतो, आता मागून आरसा दाखवा!"

पोरगं खिदळलं. त्याची आई हसली. अर्ध्या दाढीचा वायरमन हसला, आणि हे हसू वेगळं होतं, भिंतीपलीकडून ऐकू आलं तरी चालेल असं. दादा तर एवढा हसला की कात्री खाली ठेवावी लागली. भोंगाही हसत होती, पुढचा पडलेला दात दाखवत, दोन्ही हात कमरेवर.

"परत सांग! परत सांग!" पोरगं फळीवर उड्या मारायला लागलं.

भोंगाने बापाकडे पाहिलं.

"सांग की," दादा म्हणाला.

ती पोराकडे वळली आणि आपल्या त्या जुन्या ठसक्यात म्हणाली, "आधी मान खाली."