कपाळाचं नाक

थोरलीच्या नाकपुडीवरची पुटकुळी दोन वर्षं पावडरीखाली लपली आणि शेवटी नाकाची डावी बाजू घेऊनच गेली. गाठ वाईट निघाली. डॉक्टरांनी ती काढली, कपाळाच्या कातडीची एक पट्टी सोडवली आणि उलटी वळवून खाली नाकावर शिवली. पट्टीचं मूळ मात्र भुवईपाशीच ठेवलं, कारण रक्त तिथूनच येणार. कातडी नाकात रुजली की मधला दांडा कापायचा. तोवर भुवईपासून नाकापर्यंत बोटाएवढा मांसाचा पूल. त्यावर दाब नको, घट्ट पट्टी नको, चष्मा तर मुळीच नको. निळं पडलं तर लगेच निघून या. ही कातडी मेली, तर कपाळात दुसरी तेवढी उरलेली नाही.

"अगदी अडलंच तर चष्मा हातात धरून बघा," डॉक्टर म्हणाले होते.

"मला काय घड्याळं दुरुस्त करायचीत?" थोरलीने विषय संपवला होता.

तिला कशाचंच काही वाटत नव्हतं. आरशात बघूनही नाही. दातांच्या डॉक्टरने सुई टोचल्यावर गाल जसा आपला राहत नाही, तशी ती सगळीच झाली होती.

मग धाकटी जाऊ भेटायला आली. दोघींचा जन्म एकमेकींचे चेहरे वाचण्यात गेलेला. हे नाक पहिल्यांदा बघताना धाकटीचं तोंड कसं होतं, एवढं थोरलीला बघायचं होतं, आणि चष्म्याशिवाय हातभर अंतरावरचं माणूसही तिला नुसता डाग दिसे. सून दार उघडायला गेली, तशी तिने खणातून चष्मा काढून चढवला. तो मांसाच्या दांड्यावर टेकला. दुखलं नाही. म्हणजे ठीकच, असं तिने धरलं.

धाकटी आत आली ती खाली बघत, पिशवीतली फळं काढत बसली.

"कपाळाचं नाक केलं म्हणे," ती फळांना म्हणाली.

"केलं. तुझ्या कपाळातून नाकपुडीही निघाली नसती."

"केस उगवतात म्हणे त्यावर."

"उगवू देत. तुझ्या हनुवटीवरच्यांना कुणी काही म्हटलं का?"

धाकटी हसली, पण मान वर केली नाही. चहा झाला, घरच्यांची चौकशी झाली, तरी ती बशीकडेच बघत होती. थोरली चष्मा न काढता वाट बघत राहिली.

कप उचलायला आलेली सून थबकली. "आई, चष्मा काढा."

"राहू दे."

"निळं पडलंय."

सुनेने न विचारताच चष्मा काढून घेतला. आजवर या घरात असं कुणी केलं नव्हतं. नाकाच्या शेंड्यावर बोट टेकवून तिने उचललं आणि रंग परत येतो का ते बघत राहिली. थोरलीला कपाळावर मुंगी चालल्यासारखं झालं.

"कपाळाला हात लावू नकोस."

"नाकालाच लावलाय, आई."

 सून थोड्या थोड्या वेळाने बोट टेकवायची आणि मुंगी कपाळावर चालायची. समोरचा जांभळा डाग उठून जवळ आला. ते धाकटीचं पातळ होतं.

"काय गं?" डागाने सुनेला विचारलं.

"थांबा जरा." मग बऱ्याच वेळाने, "येतोय. गुलाबी येतोय. तरी डॉक्टरांना दाखवून येऊ."

"रिक्षा मी बघते," धाकटी म्हणाली, पण गेली नाही.

थोरलीने हात पुढे केला. "दे इकडे. घालत नाही."

सुनेने चष्मा दिला. थोरलीने तो दांड्यापासून दूर, हातातच डोळ्यांपुढे धरला. घड्याळं दुरुस्त करणाऱ्यासारखा. धाकटी आता सरळ तिच्या नाकाकडे बघत होती. तोंडावर कीव नव्हती, मजा नव्हती. शिलाई नीट बसली का ते बघावं, तसं बघत होती.

थोरलीला काही वाटलं नाही. थोड्या वेळाने हात भरून आला, तेव्हा सुनेने तिच्या कोपराखाली आपला हात धरला.