रिकामा न राहिलेला पूल

दचकू नका, मी पूल बोलतोय. तोच, नदीवरचा लोखंडी. रोज खडखडाट करत माझ्यावरून जाता, आज दोन मिनिटं थांबून ऐका.

माझा जन्म परक्या फौजेच्या हातून झाला. दोन काठांचं भांडण मिटवायला ती आली होती. "सहा आठवड्यांत शांतता लावून जातो," असं साहेब म्हणाले आणि अकरा वर्षं ठाण मांडून बसले. आले तेव्हा बंदूकवाल्यांची एक टोळी होती, निघाले तेव्हा तीन. आल्या आल्या त्यांच्याच विमानांनी चुकून जुना दगडी पूल पाडला आणि रणगाड्यांची पंचाईत झाली. मग नऊ दिवसांत नटबोल्ट आवळून मला उभं केलं.

रणगाड्यांमागून माणसंही येऊ लागली. आधी भाजीवाल्या, मग शिक्षक, मग चक्क नवरदेव! वर्कशॉपमध्ये लेथ चालवणाऱ्या काकूंची लेक पलीकडे नांदायला गेली, ती माझ्यावरूनच. साहेबांच्या नकाशात हे कुठेच नव्हतं.

शेवटी करार झाला. ठरल्या दिवशी सूर्यास्ताच्या आत फौजेने हद्द सोडायची. जाताना पूल उडवायचा हुकूम होता. सकाळीच माझ्या पोटाखाली सुरुंग बांधले. मी घाबरलो, खोटं कशाला बोलू?

काकू तावातावाने आल्या. "साहेब, पूल का उडवताय?"

साहेबांचं उत्तर दुभाष्याने सांगितलं, "शत्रूच्या हाती लागू नये म्हणून."

"कोण शत्रू? माझा जावई? अहो, लेकीचे दिवस भरलेत. दवाखाना या काठाला आहे!"

दुभाष्याने मान खाली घातली. मग हळूच म्हणाला, "काकू, पुलावर माणूस असेपर्यंत सुरुंग उडवायचा नाही, असा यांचा नियम आहे."

बस्स! काकूंनी हातमोजे खिशात कोंबले आणि चालायला लागल्या. या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि परत. मागोमाग भाजीवाल्या, शिक्षक, पलीकडून विहीणबाई. दमलेला बसायचा, त्याच्या जागी दुसरा उठायचा. कर्ण्यावरून ओरडून साहेबांचा घसा बसला, घड्याळ बघून मान अवघडली. ऊन कललं तसे त्यांनी मुकाट्याने सुरुंग सोडवले आणि शेवटच्या ट्रकमध्ये बसून निघून गेले. दोन्ही काठांवर काय आरोळी उठली म्हणून सांगू! माझा एकेक बोल्ट थरारला.

त्याच आठवड्यात लेक बाळंत झाली. नातीला छातीशी धरून काकू लेकीला पलीकडे तिच्या घरी पोचवायला निघाल्या, अगदी माझ्या मधोमधून.

आता मी म्हातारा झालोय. अधूनमधून माझ्या बोल्टांना तेल तेवढं द्या. 'वजन चाळीस टनांपर्यंत' ही फौजेची पाटी अजून माझ्यावर आहे. रणगाडे पुष्कळ पेलले, पण माझी छाती फुगली ती त्या अडीच किलोंच्या पोरीने.