बाबांच्या गाडीचा बझर

आमच्या गच्चीवरून बल्लारपूरचा मोठा रस्ता दिसतो. माझ्या मुलीची, रीनाची शाळा सुटायची वेळ झाली की मी काहीतरी काम काढून वर जाते. त्या दुपारी कपडे वाळत घालत होते. माझे सासरे, म्हणजे बाबा, रीनाला फाट्यावरच्या कॉन्व्हेंटमधून घेऊन येत होते, आणि त्यांच्या मोटरसायकलचा उजवा इंडिकेटर लुकलुकत होता. वळण मागेच सरलं होतं. तरी तो लुकलुकतच होता. रीना पुढे टाकीवर बसलेली, आणि मागून मिलचा लाकडं भरलेला ट्रक. आता ही गाडी उजवीकडे जाईल असं धरून ट्रकवाला डावीकडून निघायला बघे, बाबा सरळच चाललेत हे कळलं की करकचून ब्रेक मारे, पुन्हा पुढे घुसे. बाबांनी एकदाही मागे पाहिलं नाही. ओली चादर माझ्या हातातच राहिली.

गावाच्या उतारावर बाबा पेट्रोल वाचवायला चावी बंद करतात आणि गाडी तशीच घरंगळत अंगणात आणतात. त्यामुळे मी खाली पोचले तेव्हा सगळं शांत होतं, चावीबरोबर इंडिकेटरही बंद.

"बाबा, इंडिकेटर सुरूच होता तुमचा. फाट्यापासून."

"असंन. थो बझर बंद पडला ना वं. वाजूनच नाई राह्यला. प्रवीणले सांगजो, कसा फालतू माल आणला म्हणा."

गाडी बाबांची, माझ्या लग्नाच्याही आधीची. जुन्या इंडिकेटरांचे होल्डर गंजून गळाले म्हणून माझ्या नवऱ्याने, प्रवीणने, बाजारातून नवे एलईडीचे आणून लावले होते. लावले आणि डावं बटण दाबलं की चारही लुकलुकायला लागले. प्रवीणने बरंच डोकं खाजवलं. मग कळलं की समोरच्या मीटरमधला बारका दिवा डाव्या आणि उजव्या वायरीच्या मधे बसवलेला असतो, आणि त्याच्यातून थोडा करंट पलीकडे झिरपतो. जुन्या बल्बांना तेवढ्याने काही होत नसे, एलईडी मात्र तेवढ्यावरही पेटतात. प्रवीणने तो दिवा काढून टाकला. इंडिकेटर सुधरले, पण चालवणाऱ्याला ते सुरू आहेत हे कळायची सोय गेली. बाबांना तर बटण परत दाबायची आठवणच राहत नाही. म्हणून मी हट्ट करून सीटखाली, इंडिकेटर सुरू असेपर्यंत वाजणारा बझर बसवून घेतला होता. आता तोही बंद, म्हणजे माझी पोरगी रोज ट्रकच्या पुढे खोटा इशारा देत येणार. बझर सुधरेपर्यंत मी तिला माझ्या स्कूटीवर नेईन, असं त्याच रात्री प्रवीणला सांगून टाकलं.

रविवारी प्रवीणने अंगणात गाडी घेतली, सीट काढली आणि चावी फिरवून डावं बटण दाबलं.

टिव टिव टिव टिव. शेजारच्या कोंबड्या बाजूला झाल्या.

"वाजते तर," मी म्हटलं.

"लूज कनेक्शन असंन. कधी वाजते, कधी नाही," प्रवीण म्हणाला. त्याने हँडल पूर्ण डावीकडे वळवलं, पूर्ण उजवीकडे वळवलं. वायरी कुठे ताणतात का पाहिलं. बझरचे जोड उपटले, घासले, परत खोचले. अर्थिंगची वायर चेसिसला लागते तिथला रंग कानशीने खरवडला. इंजिन सुरू करून गाडी हलवली, सीटवर बसून दणके दिले. मी बाजूला उभी राहून करंट बघायचा टेस्ट लॅम्प धरत होते. बझर एकदाही चुकला नाही.

"कमाल आहे," तो म्हणाला. "फॉल्टच सापडत नाही."

टिव टिव चालूच होतं. रीनाला ते फार आवडलं. ती त्या तालावर एका पायाने उड्या मारायला लागली.

बाबा धानाच्या बांधीवरून आले. हातपाय धुतले, दुपट्ट्याने तोंड पुसत गाडीजवळ येऊन वाकले.

"सापडलं का काई?"

प्रवीणने नाही म्हणून मान हलवली.

"मंग बझर सुरू करून पाह्य ना एकडाव, लेका. नुसतं पाहत काऊन बसला?" आणि रीनाकडे बघून हसले. "आन् हे काऊन नाचून राह्यली वं?"

"आबाजी, गाणं!" रीना ओरडली. "टिव टिव टिव!"

मी प्रवीणकडे पाहिलं. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. त्याने पटकन चावी बंद केली.

"वायर तुटली आहे बाबा आतून," तो मोठ्याने म्हणाला. "नवा आणतो बझर."

माझ्या नवऱ्याला खोटं बोलता येत नाही. बाबा त्याच्याकडे बघत राहिले, मग माझ्याकडे. मी तेव्हा काहीतरी करायला हवं होतं. टेस्ट लॅम्प उचलून आत जायला हवं होतं, निदान नजर तरी खाली घालायला हवी होती. मी त्यांच्या कानाकडे बघत होते.

बाबांनी स्वतःच चावी फिरवली. सीटखाली हात घालून बझरवर बोट ठेवलं.

"थरथरते," ते म्हणाले. "वाजते म्हणा की मंग."

 माझ्या सासूबाई ओट्यावरून म्हणाल्या, "मी एवढ्या हाका मारतो, हे ओ नाई देत. मले वाटे, नवऱ्याची जातच असी. कानाचं हाय हे कोनाले माहीत!"

सगळ्यात मोठ्याने बाबाच हसले.

पुढच्या रविवारी प्रवीणने मीटरमधला दिवा परत बसवला. या वेळी दोन्ही बाजूंच्या वायरींवर एकेक डायोड टाकला, म्हणजे करंट दिव्यापर्यंत येतो, पलीकडे जात नाही. दिव्याचं दुसरं टोक अर्थिंगला दिलं. बाबांना सीटवर बसवून बटण दाबायला लावलं. समोर दिवा लुकलुकला, मागेपुढे फक्त एकाच बाजूचे इंडिकेटर. जसं पाहिजे अगदी तसं.

"दिसते," बाबा म्हणाले. "चांगलं दिसते. आता नाई भुलत मी."

चंद्रपूरला कान दाखवून येऊ असं प्रवीण म्हणाला, तर "पाहू, धान कापनं होऊ दे" म्हणाले.

सोमवारी सकाळी ते पूर्वीसारखे तयार होते. गाडी पुसून अंगणात काढलेली. रीना दप्तर घेऊन टाकीवर चढायला धावली. गाडीत आता काहीच दोष नव्हता. पण त्या आठवड्यात मी एकदा त्यांच्या पाठीमागे उभी राहून साध्या आवाजात "बाबा" म्हणून पाहिलं होतं. ते विळ्याला धार लावत राहिले होते. त्या ट्रकवाल्याने त्या दुपारी किती हॉर्न मारले असतील, हे तेव्हापासून माझ्या डोक्यातून जात नव्हतं.

"राहू द्या बाबा," मी म्हटलं. "मीच सोडते आज."

"आज" मी मुद्दाम घातलं होतं. त्यांना ते कळलं असावं. त्यांनी रीनाला उचलून माझ्या स्कूटीवर बसवलं, तिचा फ्रॉक नीट केला.

"होय, तूच नेत जाय रोज," ते म्हणाले. "तुही गाडी नवीन हाय."

नाही बाबा, तुम्हीच न्या, एवढंच मला म्हणायचं होतं. मी म्हटलं नाही. आजही म्हणणार नाही. पण त्यांनी थोडं भांडायला हवं होतं, असं वाटत राहतं.

काही दिवसांनी कॉन्व्हेंटच्या फाटकाशी मॅडमने विचारलं, "रीना, आजकाल आबाजी नाही येत? बरं नाही का त्यांना?"

"आबाजी चांगले आहेत," रीना म्हणाली. "पप्पांनी त्यांची गाडी सुधरवली ना, म्हणून नाही येत."

मॅडम हसल्या. मी तिचं दप्तर तिच्या पाठीवर अडकवलं आणि स्कूटी वळवली.

परत येताना बाबा समोरून येताना दिसले, एकटेच, बांधीकडे निघालेले. त्यांनी इंडिकेटर दिला, वळले, आणि वळताच बंद केला. मी हात हलवला. त्यांचं लक्ष मीटरमधल्या दिव्याकडे होतं.