छापलेलं कुठे जातंय?

मी एक जुना कागद आहे, मित्रांनो. एका संगीत मासिकाचे मुखपृष्ठ. आज भिंतीवर काचेच्या चौकटीत थाटात बसलो आहे खरा, पण बडा घर पोकळ वासा!

माझा जन्म छापखान्यात झाला. मला छापले एका बापाने, आणि माझ्यावर फोटो होता त्याच्याच लेकीचा. घरी तिला सगळे चिमणी म्हणत. तिचा पहिला अल्बम निघाला होता. रंग नीट जुळेपर्यंत बापाने ढीगभर कागद वाया घालवले. शाई वाळायचाही धीर त्याला नव्हता. मला उचलून तो घरी घेऊन आला, म्हणून माझ्या कोपऱ्यावर त्याच्या अंगठ्याचा डाग आहे.

मी साधासुधा कागद नव्हतो बरं का! जाहिरातीसाठी अल्बमच्या कंपनीने एक ॲप काढले होते. ते उघडून फोन माझ्यासमोर धरला, की पडद्यावर चिमणी कागदातून उठून उभी राहायची आणि एक कडवे गायची. गाणे संपले की हसून विचारायची, "आई, ऐकतेस ना?" चित्रीकरण अजून चालू आहे हे तिच्या ध्यानातच आले नव्हते. कंपनीने ते तसेच ठेवले.

लोकांनी चार दिवस गंमत पाहिली आणि माझ्या भावंडांना रद्दीत घातले. पुढच्याच वर्षी चिमणी आजारपणात गेली. तिची गाणी सगळीकडे होती. तो प्रश्न मात्र फक्त माझ्याजवळ होता.

रोज संध्याकाळी आई हात पुसून यायची, फोन धरायची आणि उत्तर द्यायची, "ऐकतेय गं."

एकदा पुतणी म्हणाली, "काकू, हे दुसऱ्या फोनवर उतरवून ठेवू का?"

बाप हसला. "अगं, छापलेलं कुठे जातंय? उभा जन्म छापण्यात गेला माझा!" आणि त्याने मला चौकटीत बसवले. मीही फुशारलो. मलाही वाटायचे, ती माझ्यातच राहते.

मग एका संध्याकाळी चिमणी उठलीच नाही. पडद्यावर एवढेच आले, 'ही सेवा बंद झाली आहे.'

बापाने दोष मला दिला. काच पुसली, मला खिडकीपाशी नेले, उजेडात धरले. शेवटी छापखान्यात जाऊन त्याने मला नव्याने छापून आणले. माझा तो भाऊ कोरा करकरीत होता, पण तोही मुकाच.

पुतणीने कंपनीत फोन लावला. तो खाली ठेवून ती काकांकडे वळली. "काका, जाहिरात संपली म्हणून त्यांनी सगळं पुसून टाकलं. ती कागदात नव्हतीच हो कधी."

बापाने हातातला नवा कागद उलटून पाहिला. "मग मी काय छापलं?"

मित्रांनो, मला जपू नका. मला जपून काही हाती लागत नाही. तुमच्या माणसाचा आवाज कोणाच्या ताब्यात आहे ते विचारा आणि आजच आपल्यापाशी उतरवून घ्या. या घराला उशीर झाला.

आई अजूनही रोज येते, आता फोनशिवाय. थोडा वेळ थांबते आणि हळूच म्हणते, "ऐकतेय गं." चिमणी हसतच राहते. तिला तसेच छापले आहे.