साहेबांनी जपलेली टेबलं

आमच्या साहेबांना काही टाकवत नाही. हॉस्पिटलचे रिपोर्ट ज्या डेटाबेसमधून निघतात, तो मी सांभाळते. त्यात तीन अगडबंब टेबलं, म्हणजे माहितीचे तक्ते, होती. कधीच बंद पडलेल्या जुन्या बिलिंग सिस्टिमची माहिती, लाखो ओळी! मूळ माहिती दुसरीकडे सुखरूप, ही नुसती नक्कल. तरी "पुसू का?" विचारलं की साहेबांचं एकच पालुपद, "असू देत हो. कधी काय लागेल, सांगता येतं का?"

असू देत तर असू देत! पण उद्या मीटिंग होती. डायलिसिसच्या सिस्टर म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. त्यांना आणखी एक मशीन मागायचं होतं आणि त्यासाठी पेशंट किती ताटकळतात, याचा रिपोर्ट हवा होता. तो मेला दर वेळी अर्ध्यावर आपटायचा. डेटाबेसमध्ये जागाच नाही! रिपोर्ट नाही तर मशीन नाही, आणि घरी जाऊबाईंचं तोंड नि माझे कान.

"अगं, पुस ना ती मढी!" म्हणत जाऊबाईंनी मला साहेबांच्या केबिनमध्ये ओढत नेलं.

"पुसायची कशी?" साहेब खुशीत म्हणाले. "वापरात आहेत ती. रोज सकाळी कुणीतरी उघडतं, तशी नोंद पडते."

"कोण उघडतं?" मी विचारलं.

"ते नाही बघितलं. पण मी रोज आल्या आल्या टेबलं उघडून तपासतो ना! आदल्या सकाळची नोंद असतेच असते."

मी कपाळाला हात लावला. "अहो साहेब, ती नोंद तुमचीच!"

साहेबांनी स्क्रीनवरची नोंद पुन्हा वाचली. मग म्हणाले, "म्हणजे मी वापरतो."

धन्य! मला हसू आवरेना. जाऊबाई मात्र हसल्या नाहीत.

"साहेब, या टेबलांना तुम्ही न चुकता रोज बघता. बाहेर बाकावर एक आजोबा बसलेत. पाय सुजलेत त्यांचे, आणि मी त्यांना आजही 'उद्या या' म्हणून सांगितलंय. त्यांना एकदा तरी बघा."

माझं हसू कुठल्या कुठे गेलं. साहेब उठून बाहेर गेले. बऱ्याच वेळाने परत आले.

"पुसा," म्हणाले. लगेच, "एक कॉपी तेवढी..."

जाऊबाईंनी नुसतं बघितलं.

"नको, नको. पुसा."

मी ती पुसली. रिपोर्ट एका दमात निघाला. जाऊबाईंनी तो घ्यायला हात पुढे केला, पण साहेबांनी आधीच उचलला होता.

"मीटिंगमध्ये हा मी वाचणार," ते म्हणाले. आजोबांचं नाव त्यांनी तळहातावर पेनाने लिहून आणलं होतं.