लालबर्‍याच्या बसची पायरी

ड्रायव्हर मोतीलालने बसच्या मागच्या दाराखाली एक लाकडी पायरी दोन लोखंडी आकड्यांत अडकवली आणि तिच्यावर स्वतःच दोनदा नाचून पाहिलं.

"आइए बहनजी. अब आराम से चढ़िए."

नीळकंठ हात पुढे करून उभा होता. छत्री शेजारच्या माणसाकडे देऊन झाली होती, बाह्या वर सरकवून झाल्या होत्या. सुनीतीने नवऱ्याच्या हातांकडे पाहिलं, पायरीकडे पाहिलं, आणि कुबडी पायरीवर टेकवून, दाराची दांडी धरून ती वर गेली. लहानपणी तापात वाळलेला उजवा पाय मागून फरफटत गेला, पण गेला. खिडकीतून तिने हात हलवला. सहा वर्षांत तिने असा हात कधी हलवला नव्हता. उचलून आत ठेवल्यावर पदर सावरण्यातच तिचा वेळ जायचा.

सुनीती लालबर्‍याच्या मुलींच्या शाळेत शिकवायची. बसचं पायदान गुडघ्याच्याही वर. तिकडे शाळेतल्या दोघी-तिघी मिळून तिला कसंबसं वर ओढत. इकडे बालाघाटच्या स्टँडवर सकाळी चढवायला आणि संध्याकाळी उतरवायला नीळकंठ हजर असे. बायका म्हणत, नवरा असावा तर असा. कचेरीत तो तिसऱ्या टेबलावरचा कारकून, साहेबांना त्याचं नावही नीट आठवत नसे. स्टँडवर मात्र नऊ ते सव्वानऊ त्याचं राज्य होतं. बायकोला उचलताना आजूबाजूला कोण कोण बघतंय, हे हळूच पाहून घ्यायची खोडही त्याला लागली होती.

आता कुणा ड्रायव्हरने भाताच्या गिरणीतल्या चार मोडक्या फळ्या ठोकल्या आणि ते राज्य खालसा केलं. एखाद्या माणसाचा मत्सर वाटला असता, तर दोन शिव्या घालून मोकळं तरी होता आलं असतं. लाकडाला काय बोलणार? पण जळायचा तो जळतच होता.

महिनाभराने एका संध्याकाळी बस आली, रिकामी झाली, आणि सुनीती उतरलीच नाही.

"बहनजी तो बाजार में उतर गईं," मोतीलाल म्हणाला.

नीळकंठ घरी पोचला तेव्हा ती ओट्यापाशी बसून शिंगाडे सोलत होती. चेहरा नुसता फुलला होता.

"काहून उतरली तिथं?"

"उतरता आलं म्हणून," ती म्हणाली. "तीन दुकानं फिरली, भाव केला. पहा न, किती कोवळे आहेत."

त्याने एक शिंगाडा तोंडात टाकला. गोड होता.

"कच्चे आहेत," तो म्हणाला आणि हात धुवायला गेला.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत त्याने डबा उघडला नाही. कोरा कागद घेतला आणि सरकारी हिंदीत झकास मजकूर उतरवला. लालबर्‍याच्या बसला मागे नियमबाह्य जोड लावला असून प्रवाशांच्या जिवाला धोका आहे, तरी तो तात्काळ काढावा. खाली सही केली, 'एक हितैषी यात्री'. मग मोटारी तपासणाऱ्या साहेबांच्या दारातल्या पेटीत कागद टाकून आला. त्या रात्री त्याला छान झोप लागली, हेही सांगायला हवं.

आठ दिवसांनी सकाळी बसच्या मागे नुसते आकडे लोंबत होते.

"किसी ने अर्जी दे दी," मोतीलाल कुणाकडेच न बघता म्हणाला. "साहब लोग निकलवा गए."

नीळकंठने छत्री शेजाऱ्याकडे दिली आणि बाह्या वर केल्या. तेवढ्यात पाटी घेतलेली दुर्गाबाई त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. ही म्हातारी दर बाजारच्या दिवशी भाजी घेऊन लालबर्‍याला जायची.

"मले बी चढव, बाबू. माह्ये गुडघे गेले. पायरी होती त कोनाचे पाय नोहते धरा लागत."

आता नाही कसं म्हणणार? त्याने तिला काखेत धरून वर लोटलं. जाताजाता ती त्याच्या कानाशीच पुटपुटली, "मुडदा बसवला त्या अर्जवाल्याचा."

तिच्यामागे चैतराम होता, मोतीबिंदू झालेला. त्याच्यामागे सांधे धरलेली एक बाई, मग आणखी एक. पायरीवरून एवढी माणसं रोज चढत होती, हे नीळकंठने कधी पाहिलंच नव्हतं. एका पोटुशीने त्या उंच पायदानाकडे पाहिलं, सासूशी काही बोलली आणि दोघी गाठोडं उचलून परत गावाच्या वाटेला लागल्या. नीळकंठच्या पाठीत कळ निघाली होती. मोतीलालने दोनदा हॉर्न वाजवला.

शेवटी सुनीती पुढे आली. त्याने हात पसरले.

तिने कुबडी आत दुर्गाबाईकडे दिली. मग बसकडे पाठ केली, दोन्ही तळवे पायदानावर टेकले आणि स्वतःला वर ओढून ती त्यावर बसली. तशीच पुन्हा जोर लावून, मागच्यामागे सरकत, आत गेली. सबंध पातळ धुळीने माखलं. दुर्गाबाईने तिला हात देऊन उभं केलं.

नीळकंठ पसरलेले हात खाली घ्यायचं विसरला होता.

ती खिडकीशी येऊन बसली. दम लागला होता, आवाज मात्र रोजचाच होता.

"संध्याकाळपर्यंत एक अर्ज लिहून ठेवजा. पायरी परत लावून द्या म्हणून."

"कोणाकडे देऊ?" त्याच्या तोंडून निघून गेलं.

"पहिला जिथं देला, तिथंच," ती म्हणाली. "या खेपेला सही तेवढी तुमच्या नावाची करा."