तेरा-शून्य आणि माझा झेंडा

लाइन्समनचा झेंडा माझ्या हातात आला तो सप्टेंबरमध्ये, आणि मी तो मागितला नव्हता. आमची स्वानंदी अ‍ॅमस्टरडॅममधल्या एका लहानशा कॉलेजात शिकते आणि तिथल्या मुलींच्या फुटबॉल संघात खेळते. त्यांच्या लीगमध्ये रेफरी लीगचा, पण लाइन्समन ज्याचा त्याने आणायचा. नाही आणला तर सामना गेला. संघात मुली मोजून अकरा, तेव्हा बारावं माणूस म्हणजे कुणाचा तरी बाप. डच बापांना एकजात कामं निघाली. मी झुइडास भागातल्या एका बँकेत सॉफ्टवेअर तपासतो आणि शनिवारी मोकळा असतो, हे स्वानंदीने सगळ्यांना सांगून टाकलं होतं.

मी नियमपुस्तक छापून घेतलं आणि पिवळ्या पेनाने रंगवलं. ऑफिसात लोकांच्या चुका काढायचा पगार मिळतो, इथे फुकट काढायच्या, एवढाच फरक. पास देताना हल्ला करणारी मुलगी शेवटच्या बचाववालीच्या पुढे उभी असली की ऑफसाइड, झेंडा वर, गोल रद्द. इतकं सोपं. पण पहिल्याच सामन्यात कळलं की बाकीचे लाइन्समन रेषा बघतच नाहीत. दुसऱ्यांच्या मुली धावल्या की झेंडा वर, आपल्या धावल्या की खिशात. सगळ्यांना हे ठाऊक असतं, कुणाला त्याचं काही वाटत नाही.

"अहो, तुम्हीही जरा डोळे मिटत जा की," माझी बायको मालिनी म्हणाली.

"मग झेंडा खुंटीला अडकवा. मला कशाला नेता?"

"खुंटी निदान वाद तरी घालत नाही," असं म्हणून ती डबे घासायला गेली.

आता संघाविषयी. गोलकीपर हिमानी, कारण तिच्याकडे हातमोजे होते. सायकल चालवताना घालायचे, लोकरीचे. खरं खेळता येणारी एकच मुलगी, फेमके. मोसम सुरू व्हायच्या आठवडाभर आधी तिला शहरातल्या मोठ्या विद्यापीठाने फोडली. पैसे देऊन नव्हे, खोली देऊन. अ‍ॅमस्टरडॅममध्ये खिडकी असलेली अकरा चौरस मीटरची खोली मिळत असेल तर माणूस आडनाव बदलेल, संघाचं काय घेऊन बसलात! मला तिचा राग आला नाही. त्यांचा आला. त्यांच्याकडे चार प्रशिक्षक, फिजिओ, आहारतज्ज्ञ, वरून सामना टिपायला ड्रोन. आमच्याकडे एक अर्धवेळ प्रशिक्षक आणि हवा भरायचा एक पंप. तरी त्यांना आमची एकुलती एक फेमके हवी!

मग व्हायचं ते झालं. सतरा सामने, सतरा पराभव, आमच्यावर चौऱ्याण्णव गोल, आमचे शून्य. मार्चमध्ये कॉलेजच्या क्रीडा विभागाचा मेल आला: उरलेल्या एका सामन्यात निदान एक गोल झाला नाही, तर पुढच्या वर्षी संघ बंद, मैदानाची वेळ पाडेल नावाचा टेनिससारखा खेळ खेळणाऱ्यांना.

स्वानंदीने मेल वाचला आणि खोलीचं दार लावून घेतलं. नऊ वर्षांची असताना आम्ही तिला पुण्याहून इथे, अ‍ॅमस्टरडॅमशेजारच्या डीमनला आणलं, तेव्हा शाळेत चार महिने तिच्याशी कुणी बोलत नव्हतं. पहिली मैत्रीण मिळाली ती चेंडूमुळे. दाराबाहेर उभं राहून मला तेच आठवत होतं, आणि सॉफ्टवेअर सोडून दुसरं काही दुरुस्त करता येत नाही याची लाज वाटत होती.

शेवटचा सामना नेमका त्या मोठ्या विद्यापीठाशी. मध्यांतराला आठ-शून्य. त्यातले चार फेमकेचे, आणि प्रत्येक गोलनंतर ती हिमानीला सॉरी म्हणत होती. मध्यांतरानंतर संघ बाजू बदलतात, लाइन्समन मात्र आपल्याच जागी राहतात. म्हणजे उत्तरार्धात आपल्याच मुलींच्या हल्ल्याची रेषा आपल्या वाट्याला येते. एरवी मला तिथे काम नसायचं, कारण हल्लाच नसायचा.

सत्त्याऐंशीव्या मिनिटाला, तेरा-शून्य असताना, आमच्या एका मुलीने घाबरून चेंडू लांब लाथाडला. तो स्वानंदीच्या पायात पडला. ती धावली. मी रेषेवरून तिच्याबरोबर धावलो. तिने मारला आणि जाळं हललं! आमच्या मुली किंचाळल्या, मालिनी डबा टाकून नाचायला लागली, समोरच्या संघानेसुद्धा टाळ्या वाजवल्या.

आणि माझा झेंडा वर होता.

शपथेवर सांगतो, मी तो विचार करून उचलला नव्हता. डोळ्यांनी पाहिलं, हाताने केलं. शिट्टी वाजली.

"अहो, खाली करा तो झेंडा!" मालिनी मराठीत ओरडली. ते बहुधा सगळ्यांनाच कळलं.

त्यांचा मुख्य प्रशिक्षक धावत आला. "सर, प्लीज. आमची काही तक्रार नाही. द्या हा गोल." रेफरी, तोही विद्यार्थीच, माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "आर यू शुअर? तुम्ही झेंडा मागे घेऊ शकता." इतक्या प्रेमाने मला आजवर कुणी खोटं बोलायला सांगितलं नव्हतं. मी झेंडा थोडा खाली आणलाही. खोटं कशाला सांगू!

तेवढ्यात स्वानंदी समोर आली. घरात आम्ही मराठीत विचारतो, ती इंग्रजीत उत्तर देते. त्या दिवशी मात्र तिने मराठीत विचारलं. "बाबा, मी पुढे होते का?"

"होतीस," मी म्हणालो. "अर्धं पाऊल."

तिने ओठ चावला. मग रेफरीकडे वळली. "ऑफसाइड," म्हणाली आणि स्वतःच चेंडू आणून जागेवर ठेवला. मला वाटलं, जमिनीने गिळावं मला.

ऑफसाइडची फ्री किक समोरच्या संघाची, ती घ्यायला फेमके आली. तिने आमच्या मुलींकडे पाहिलं, वळली आणि चेंडू थेट आपल्याच संघाच्या जाळ्यात मारला. त्यांची गोलकीपर सौजन्याने बाजूला झाली होती. पुन्हा टाळ्या. आमच्या मुली पुन्हा नाचणार, तोच मी झेंडा कोपऱ्याकडे रोखला. स्वतःच्या फ्री किकवर थेट स्वतःवर गोल होत नाही, समोरच्यांना कॉर्नर मिळतो. हे पान मी दोनदा रंगवलं होतं. रेफरीने खिशातून फोन काढून खात्री केली आणि होकारार्थी मान डोलावली. मालिनी खाली बसली. तिने दोन्ही हातांनी डोकं धरलं होतं.

पण कॉर्नर तर कॉर्नर! मोसमातला आमचा पहिला. स्वानंदी फेमकेपाशी गेली आणि म्हणाली, "नो पिटी. नीट अडवा." फेमके लाल झाली, मग तिने आपल्या अकराही जणींना गोलसमोर उभं केलं. हिमानी आमचा गोल उघडा टाकून, लोकरीचे हातमोजे घालून, मैदानभर धावत आली. स्वानंदीने कॉर्नर मारला. धक्काबुक्की झाली, त्यांची बचावफळी खरंच जीव तोडून उडाली, आणि चेंडू हिमानीच्या कानावर आपटून आत गेला.

कुणी ओरडलं नाही. बावीस मुली, चार प्रशिक्षक, फिजिओ आणि माझी बायको, सगळ्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं. हिमानी कान धरून माझ्याकडे बघत होती.

कॉर्नरवरून थेट आलेल्या चेंडूला ऑफसाइड नसतो. मी झेंडा फेकून दिला आणि फुफ्फुसं फाटेस्तोवर ओरडलो, "गोल!"

स्वानंदी कोपऱ्यातून धावत येऊन माझ्यावर आदळली. आम्ही दोघंही पडलो आणि मी उघड उघड रडलो. रेफरीने वाकून मला गंभीरपणे बजावलं की लाइन्समनने झेंडा टाकायचा नसतो आणि कुणा एका संघाच्या बाजूने ओरडायचंही नसतं. त्याचं म्हणणं नियमाला धरून होतं. मी चिखलात पडल्या पडल्या चूक मान्य केली आणि पुन्हा ओरडलो.